टॉवेलखालचा आकडा

माझ्या खोलीचं भाडं ठरलं तेव्हा कुणाच्याही तोंडून एक आकडा निघाला नव्हता. मी नुकतीच बदली होऊन मानवतला आले होते. शाळा तिथून सात-आठ किलोमीटरवरच्या खेड्यात, आणि राहायला जागा हवी होती. माडीवरच्या दोन खोल्या बघून झाल्यावर मी सरळ विचारलं, भाडं किती? घरमालकांनी माझ्याकडं असं बघितलं, की मी भर चौकात काहीतरी भलतंच बोलून गेले असावे. मग त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, झटकला आणि बायकोला हाक मारली.

परक्या बाईचा हात धरणं त्यांना शोभणारं नव्हतं, आणि भाडं तोंडानं सांगणं तर त्याहून नव्हतं. म्हणून त्यांच्या बायकोनं टॉवेलखाली माझा हात धरला आणि तीन बोटं दाबली. मला वाटलं, परक्या गावात एकटी आलेली बाई बघून त्या धीर देताहेत. मला भरून आलं. मीही त्यांची बोटं दाबली, चांगली चार. त्यांचा चेहरा एकदम उजळला. दुसरा हात त्यांनी त्याच टॉवेलखाली नवऱ्याच्या हातात दिला, निरोप पोचवला, आणि घरमालक म्हणाले, "ठरलं."

त्या तीन हजार मागत होत्या आणि मी आपण होऊन चार देऊ केले होते. हे मला कळलं ते महिनाअखेरीस, त्यांच्या बायकोनं हसत समजावलं तेव्हा. मी चार हजार मोजून दिले, तर घरमालक त्यातले हजार माझ्या पायरीवर ठेवून गेले. ज्याला बोटं कळत नाहीत त्याच्या बोटांवर सौदा धरायचा नाही, असा त्यांचा कायदा होता. तेव्हापासून ते माझे मामा झाले आणि त्या मामी.

मामा बैलबाजारात दलाली करत. विकणारा एक, घेणारा दुसरा आणि मधे मामा. ते आधी एकाचा हात टॉवेलखाली घेत, मग दुसऱ्याचा. जितकी बोटं दाबली तितके हजार, नाहीतर तितके दहा हजार. जनावर समोर उभं असतं, त्यामुळं शून्यं किती ते सांगावं लागत नाही. भोवती पन्नास माणसं जमली तरी त्यांना दिसतात ते फक्त चेहरे, आणि मामांच्या चेहऱ्यावरून काही कळण्याची सोयच नव्हती. उंच, वाळलेली अंगकाठी, कानांवर केसांची लव, डोक्याला टोपी आणि खांद्यावर तो हिरवा टॉवेल. टॉवेल इतका जाड, की धुतला तर दोन दिवस वाळत नसे, म्हणून मामी तो फारसा धुतच नसत.

सगळा जन्म असा गेल्यामुळं मामांना आकडा उच्चारणं जमेनासंच झालं होतं. दूध किती घ्यायचं, ते मामींना बोटांनी सांगत. शिरगणतीला आलेल्या माझ्याच एका सहकारी शिक्षकानं विचारलं, घरात माणसं किती? तर मामांनी त्याचा हात धरायला आपला हात पुढं केला. तो बिचारा नमस्कार करून मोकळा झाला. एकदा मी त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पट्टा गुंडाळून रक्तदाब मोजला आणि तिथंच, बाकीच्या पेशंटांसमोर, मोठ्यानं आकडा सांगितला. मामा दोन दिवस चिडलेले होते. औषधाला त्यांची ना नव्हती, पण आपलं मोल चारचौघांत बोलून दाखवलं याचा त्यांना राग होता.

जगातली प्रत्येक वस्तू ते बैलासारखी पारखत. मी स्कूटी घेतली तेव्हा त्यांनी तिला दोन फेऱ्या घातल्या, मागून दाबून बघितली, खाली वाकून पोट बघितलं आणि "मागून दबती जरा" असा शेरा दिला. भाचीला बघायला पाहुणे आले, तर नवऱ्या मुलाला त्यांनी काहीतरी निमित्त काढून अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवलं. मी हप्त्यावर फ्रिज आणला, तेव्हा फ्रिजचं दार उघडून आत कितीतरी वेळ बघत उभे राहिले. मामी म्हणाल्या, आता त्याचे दात मोजू नका, गारवा चालला सगळा.

एकदा मी त्यांना मुद्दाम डिवचलं. म्हटलं, मामा, हा टॉवेल म्हणजे तुम्हा दलालांची सोय आहे. दोघांना अंधारात ठेवायचं आणि मधल्या मधे आपलं साधायचं. एरवी मस्करीत सामील होणारे मामा त्या दिवशी हसले नाहीत.

"तसं करनारे बी हायेत, न्हाई कामून म्हनू," ते म्हणाले. "पर मॅडम, मान्साला कवा कवा कमी घ्यायचं आसतं, कवा जास्त द्यायचं आसतं. चारचौघांत कसं करावं ते? लोकं येडं म्हनतेत. टॉवेलात हात आसला की त्येची लाज ऱ्हाती."

मला ते तेव्हा नीट कळलं नाही. दलाल म्हणून बोलतोय माणूस, असंच वाटलं.

आता माझ्या गुन्ह्याकडं येते. मामांचं व्हिडिओंचं खातं मी माझ्या हातानं उघडलं होतं.

झालं असं, की परिसर अभ्यासाच्या तासाला मी मामांना शाळेत बोलावलं. बैलाचं वय दातांवरून कसं ओळखायचं, हे त्यांनी पोरांना असं झकास समजावून सांगितलं, की पोरं एकमेकांची तोंडं उघडून बघायला लागली. मी त्याचा फोनवर व्हिडिओ घेतला आणि चार ओळखीच्यांना पाठवला. चाराचे चाळीस झाले. मामांना दाखवलं तर ते म्हणाले, हे एवढे लोक कोण बघायलेत, आणि कामून? मी शिकलेली बाई, मला सांगायची हौस. मी म्हटलं, मामा, लोक यावर कमावतात. अमुक इतक्यांनी बघितलं की ते ॲपवाले पैसे देतात, आणि किती जमले ते रोजच्या रोज दाखवतात. मामांनी फोन हातात घेऊन वरून खालून बघितला. "दात तर हायेत चांगले," म्हणाले.

पहिले काही महिने सगळं गोड होतं. मामा खिल्लार आणि लाल कंधारीतला फरक सांगत, बैल पाय कसा टाकतो त्यावरून खोड कशी कळते ते सांगत. बोलणं अस्सल, खोटं एक अक्षर नाही. पहिले पैसे खात्यावर आले त्या दिवशी त्यांनी पेढे आणले. किती आले विचारलं, तर टॉवेल काढून मामींना हाक मारली. रक्कम पेढ्यांइतकीच होती.

मग एकदा दात समजावून सांगताना बैलानं मामांच्या धोतरावर मुतून घेतलं. मामा ते काढून टाका म्हणत होते, पण तोवर ते ॲपवर चढलेलं होतं. दोन दिवसांत ते कुठल्या कुठं गेलं. सहा महिन्यांच्या शहाणपणाला जेवढं मिळालं नव्हतं, तेवढं त्या एका मुतण्याला मिळालं.

मामांची शांतता तिथून गेली. पैसे कमी मिळाले असते तर त्यांनी नाद सोडला असता. नेहमी सारखे मिळाले असते तरी पगारासारखं घेऊन गप्प बसले असते. पण एकदा अकरा रुपये, मग सात, मग एकदम आठशे, मग पुन्हा नऊ, आणि कशाला किती याचं कारण कुठं लिहिलेलं नाही. मामा कारण शोधायला लागले. टोपी बदलून बघितली. सकाळी टाकून बघितलं, दुपारी टाकून बघितलं. लाल बैल चालतो की पांढरा, उभं राहून चालतं की बसून. एकदा पूर्वेला तोंड करून बोलल्यावर जास्त मिळाले, तर महिनाभर पूर्वेलाच तोंड. मी हसायची, पण खरं सांगते, रोज शाळेतून आले की माझाही पहिला प्रश्न हाच असायचा, आज किती? मला तर हे आधीच कळायला हवं होतं. वर्गात मी रोज सगळ्यांच्या हातावर शाबासकीची चांदणी काढत होते तोवर पोरांना तिचं काही वाटत नव्हतं. कुणाला कधी मिळेल याचा नेम राहिला नाही, तेव्हा टेबलाला गराडा पडायला लागला. मी ते बंद केलं होतं. आणि इथं साठीच्या माणसाच्या हातावर तशीच चांदणी काढणारं यंत्र मी नेऊन ठेवलं होतं.

सगळ्यात मोठा फरक मामींनी टिपला. मामा आकडे बोलायला लागले होते. अंगणातून ओरडून सांगायचे, बारा हजार लोकांनी बघितलं, तेरा हजार एकशे झाले. जेवताना डाव्या हातात फोन, घास तोंडाशी थांबलेला आणि तोंडानं आकडे. मामी एकदा जिन्यात मला थांबवून म्हणाल्या, "चाळीस वर्सांत ह्या मान्साच्या तोंडून आकडा आयकला न्हाई मी. आता दिवसभर आकडेच. मला भ्या वाटायलंय मॅडम." मी त्यांची समजूत काढली. नवं आहे, चार दिवसांनी उतरेल, म्हणाले. समजूत काढण्यात आम्ही शिक्षक पटाईत.

मामांचे व्हिडिओ बघणाऱ्यांची एकच मागणी असायची. टॉवेलखाली काय चालतं ते दाखवा. मामा आधी भडकायचे. मग "दाखवता येत न्हाई वो" असं हसून सांगायला लागले. मग त्यांनी मामींचा हात धरून खोटा सौदा करून दाखवला. लोकांनी ओळखलं, की हा खोटा आहे. चौदा रुपये मिळाले.

दसरा झाला की बाजार भरात येतो. ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्या दिवाळीच्या आगेमागे निघतात, आणि त्याआधी गाडीला बैल लागतात. त्या बाजाराला मामा निघाले तेव्हा त्यांच्या खांद्यावर हिरवा टॉवेल नव्हता. पांढऱ्या धोतराचं नवं कोरं पान होतं, पातळ. मी विचारलं, तर म्हणाले, ऊन लय हाय, जाड सोसत न्हाई. ऑक्टोबरचं ऊन खरंच होतं, म्हणून मी पुढं विचारलं नाही.

पुढचं मला नंतर कळलं. त्या दिवशी राणीसावरगावकडचे एक म्हातारे शेतकरी लाल कंधारी जोडी घेऊन आले होते. सगळे त्यांना आबा म्हणत. गुडघे गेल्यामुळं त्यांच्यानं आता औत धरवत नव्हतं, आणि मुलानं ट्रॅक्टरची शेती धरली होती. घ्यायला आलं होतं एक तरुण जोडपं, पहिल्यांदाच स्वतःची गाडी घेऊन तोडीला निघालेलं. आबांनी आधी तगडी किंमत धरली होती. पण त्या पोरीनं बैलाच्या कपाळावर हात ठेवला, आणि ज्या बैलाला शिंगं लावण्याची खोड होती त्यानं मान खाली घातली. आबा तिच्याकडं बघत राहिले. मग त्यांनी मामांच्या हातात बोटं दिली ती आधीपेक्षा पुष्कळच कमी. जोडी फुटणार नाही, एवढं वचन घेतलं आणि दोरी पोरीच्या हातात दिली.

मामांनी फोन एका बैलगाडीच्या दांडीला बांधून ठेवला होता. स्वतः असे उभे राहिले होते, की ऊन कापडाच्या पलीकडून पडावं. पातळ पांढऱ्या कापडावर दोन हातांची सावली पडली, काळी आणि स्वच्छ. कुठलं बोट धरलं, किती धरली, किती सोडली, सगळं. बाहेरच्या माणसाला ती नुसती गंमत वाटली असेल. पण आमच्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याच्या पोराला तो आकडा वाचता येत होता.

मामांनी ते त्याच दुपारी चढवलं. नंतर मी भांडले तेव्हा ते म्हणाले होते, मी बोटं कुठं दाखवली, सावली दिसली. ते माझ्याशी भांडत होते, की स्वतःशी, ते मला सांगता येणार नाही.

आकडे असे पळाले, की मामांना ते बोलायलाही सुचेना. तीन दिवसांत जे जमलं ते त्यांच्या दोन महिन्यांच्या दलालीएवढं होतं. ते जेवायचं विसरले. ओसरीच्या खांबाला टेकून बसायचे आणि अंगठ्यानं पडदा खाली ओढायचे, पुन्हा ओढायचे.

त्याच पडद्याखाली लोक लिहीत होते. म्हाताऱ्याला गंडवलं. दलालानं खाल्ले. पोरीनं म्हाताऱ्याला बरोबर गुंडाळलं. असली जोडी एवढ्यात देणारा एकतर खुळा असेल नाहीतर प्यालेला. आबांच्या मुलानं ते बघितलं, बोटं मोजली आणि बापाला जाब विचारला. गावात पारावर लोक आबांना हसायला लागले. आबांनी केलं ते कुणी देणं म्हटलं नाही, बुद्धी फिरली म्हटलं. मला तेव्हा मामांचं ते जुनं बोलणं कळलं.

पुढच्या बाजाराला मामा गेले आणि दुपारीच परत आले. एकही सौदा नाही. कुणी भांडलं नाही, कुणी टोमणा मारला नाही. माणसं रामराम घालत होती, चहा विचारत होती, पण हात मागितला की तो खिशात जात होता. दलालाकडं दुसरं असतं काय? दुकान नाही, पाटी नाही, कागद नाही. त्याच्या कापडाखाली लोक हात घालतात, तेवढंच त्याचं भांडवल. तेच गेलं होतं.

तरी मामा ते पुसत नव्हते. मी सांगितलं, मामींनी सांगितलं. मामींनी त्या पातळ कापडाची टराटरा फडकी केली आणि त्या फडक्यांनी चूल पुसली. मामा म्हणायचे, उद्या पुसू. कारण ते अजून चालत होतं, आकडा अजून चढत होता. ज्यानं त्यांचा बाजार उठवला होता, तेच बघताना त्यांच्या चेहऱ्यावर अजून क्षणभर उजेड यायचा आणि मग ते ओशाळे होऊन इकडंतिकडं बघायचे. असं मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. मला त्यांचा राग आला होता आणि माझा त्याहून जास्त.

त्या बाजारानंतर चौथ्या दिवशी दुपारी जोडी घेणाऱ्या त्या तरुणाचा फोन आला. मामा नेहमी स्पीकर लावूनच बोलायचे, त्यामुळं मी माडीवरून ऐकलं. तो कुठल्या तरी उसाच्या फडावरून बोलत होता.

"मामा, जोडी परत करू का?" तो म्हणाला. "टोळीत समदे आमाला चोर म्हनायलेत. माजी बायको रडायलीय."

मामांनी काय उत्तर दिलं ते ऐकू आलं नाही. थोड्या वेळानं जिन्यावर पावलं वाजली. मामा माझ्या दारात उभे होते. फोन माझ्यापुढं धरला होता आणि तोंड भिंतीकडं होतं.

"पुसा," म्हणाले. "समदंच पुसा. मी बघत न्हाई."

मी सगळं पुसलं. त्या एकाबरोबर मागचे सगळे, खातंसुद्धा. ॲपनं मला तीनदा विचारलं, खात्री आहे का? मी तीनदा हो म्हटलं. मामा भिंतीकडं तोंड करूनच होते. झालं, म्हटल्यावर ते उंबऱ्यावर बसले.

"पैशाचं न्हाई वो मॅडम. बाजारात कमी आलं तर म्या पाय बगतो, दात बगतो, मला कळतं कामून कमी आलं. हितं काईच कळना. टॉवेलात कुनीतरी बोट धरून बसल्यावानी वाटायचं. धरनारा दिसना. तो बोलना बी अन् बोट सोडना बी. मग हात काढावा कसा?"

एवढं बोलून ते खाली गेले. मी शाळेत शिकवते, वर्तमानपत्रं वाचते, या विषयावर कितीतरी लेख वाचले असतील. इतकं नेमकं कुणी सांगितलेलं मला आठवत नाही.

पुढचे दिवस वाईट होते. त्यांचा हात उगाच खिशाकडं जायचा. अंगठा मांडीवर आपोआप खाली ओढला जायचा. मामींनी त्यांच्यापुढं अंबाडीचा ढीग आणून टाकला आणि दोर वळायला बसवलं. त्या महिन्यात मामांनी इतके दोर वळले, की गल्लीतल्या प्रत्येक म्हशीला नवं दावं मिळालं.

एका रविवारी मामा म्हणाले, आबांकडं जायचंय, तुमी चला. मी का, तर ज्यानं खातं उघडलं त्यानंही यावं, असा त्यांचा हिशेब. मला तो मान्य होता. गंगाखेडला गाडी बदलून आम्ही गेलो. आबा अंगणात बाजेवर बसले होते, मुलगा ट्रॅक्टरपाशी काहीतरी करत होता. शेजारची दोन-चार माणसं जमली. मामांनी टोपी काढून हातात घेतली आणि सगळ्यांसमोर सांगितलं, की हा सौदा आबांनी शुद्धीत, राजीखुशीनं केला, त्या पोरीनं कुणाला फसवलं नाही, आणि बेइमानी झाली ती फक्त माझ्या हातून.

आबा बाजेवर सरकून बसले. मग मामांकडं न बघता म्हणाले, "मला कमी पडलं न्हाई. मला जेवडं पायजे होतं तेवडंच म्या घेतलं. पर ते तुमच्या-माज्यातलं होतं."

मुलानं हातातला पाना खाली ठेवला आणि आत जाऊन चहा सांगितला. आम्ही चहा प्यालो. माफ केलं असं कुणी म्हणालं नाही. परतीच्या गाडीत मामा खिडकीला डोकं टेकून बसले होते. मला वाटलं होतं, सांगून टाकल्यावर त्यांना हलकं वाटेल. तसं काही दिसलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं, की त्या फडावरच्या पोराला फोन करून आबांचं हे बोलणं सांगाल का? मी गाडीतूनच लावला. जोडी परत करायची नाही, आबांनी स्वतः सगळ्यांसमोर सांगितलंय, असं त्याला समजावून सांगितलं. तो "बरं बरं" म्हणत राहिला, आणि मग मागून कुणीतरी बाई हुंदका देऊन हसल्याचा आवाज आला.

मामा बाजार चुकवत नव्हते. हिरवा टॉवेल खांद्यावर टाकून जायचे, लिंबाखाली उभे राहायचे, कुणी विचारलं तर फुकट दात बघून द्यायचे आणि संध्याकाळी तसेच परत यायचे. दोन बाजार गेले, तीन गेले. मामींनी शेजारणीकडं दोन म्हशींच्या दुधाची चौकशी केली. म्हणजे दलाली संपली असं त्यांनी मनाशी धरलं होतं. मामांना ते कळलं होतं, तरी ते बाजाराला जात राहिले.

चौथ्या बाजाराला मला सुट्टी होती. मामी म्हणाल्या, डबा द्यायला चला माझ्यासंगं. डबा हे निमित्त होतं. त्यांना एकटीनं जाऊन नवऱ्याला तसं उभं असलेलं बघवत नव्हतं.

आम्ही पोचलो तेव्हा बाजार ऐन रंगात होता. धूळ, घंटा, कडब्याचा वास, जागोजागी कापडाखाली गुंतलेले हात. मामा लिंबाखाली एकटे. मामींनी डबा माझ्या हातात दिला आणि पदर तोंडाला लावला.

तेवढ्यात मला आबा दिसले. एक तांबडा गोऱ्हा दोरीनं धरून ते हळूहळू येत होते, गुडघे सांभाळत, आणि मागून त्यांचा मुलगा. दोन दलाल पुढं झाले. एकानं तर टॉवेल उघडून धरला. आबा त्याला रामराम घालून पुढं आले. दुसऱ्यालाही ओलांडलं. आजूबाजूचं बोलणं कमी झालं, कारण ती सावली सगळ्यांनीच बघितलेली होती आणि हे म्हातारे कोण ते सगळ्यांना ठाऊक होतं.

आबा लिंबाखाली आले, गोऱ्ह्याची दोरी मुलाकडं दिली आणि मामांपुढं हात केला.

मामा हलले नाहीत.  मग त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, आणि तो त्यांच्या हातून निसटून खाली पडला. आबांच्या मुलानं तो उचलला, धूळ झटकली आणि दोघांच्या हातांवर नीट पसरून दिला, कडा खाली ओढून.

जिंतूरकडचा एक गिऱ्हाईक होता. मामांनी आबांची बोटं घेतली, त्याची घेतली, पुन्हा आबांची. फार वेळ चाललं. गोऱ्हा कडबा खात होता. मामांचा चेहरा पूर्वीसारखा झाला होता, काही म्हणता काही न कळणारा, फक्त त्यावरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. शेवटी त्यांनी मान हलवली. "ठरलं," म्हणाले.

त्यांनी टॉवेल झटकला आणि खांद्यावर टाकायच्या आत आणखी एक माणूस त्यांच्यापाशी येऊन उभा राहिला, बैल घेऊन. त्याच्या मागं आणखी एक.

मामी मटकन एका जोखडावर बसल्या. मीही त्यांच्या शेजारी बसले. इतके दिवस छातीवर ठेवलेलं ओझं कुणीतरी उचलून बाजूला ठेवल्यासारखं झालं, आणि मला हसू येत होतं की रडू ते मला कळत नव्हतं. मग मामींनी नाक पुसलं आणि मला विचारलं, "किती झालं आसंल हो?"

"काय माहीत," मी म्हणाले. माहीत नाही असं म्हणताना इतकं बरं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.